पत्रावरची तारीख

मध्यंतरी माळा आवरायला काढला तेव्हा अण्णांची फाईल सापडली. खाकी पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली. आत सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले, कारण अण्णांचं सगळंच तसं असायचं. पहिला कागद १२ मार्च १९७९ चा, इंग्रजीत टाइप केलेला. अण्णा तेव्हा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. फोरमनशी हुज्जत घातली आणि कामात अडथळा आणला म्हणून कामावरून काढण्यात येत आहे, असा त्या पत्राचा मतलब. खरी गोष्ट इतकीच, की युनियन काढायची म्हणून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत चाळीसेक जणांच्या सह्या गोळा केल्या होत्या.

मी नववीत होते. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच, म्हणून ते पत्र मी वाचून दाखवलं. 'फोर्थविथ' या शब्दाशी अडले आणि डिक्शनरी काढली. तत्काळ. आई म्हणाली, "म्हणजे उद्या डबा नको?"

पुढचे चार महिने अण्णा काय करत होते? रोज सकाळी आंघोळ करून कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहत. आतून कुणीतरी निरोप पाठवायचं, साहेबांचा राग शांत होऊ दे, घेतील परत. अण्णा थांबले. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कुणीतरी त्यांना एका वकिलांकडे नेलं. वकिलांनी पत्र हातात घेतलं, मजकूर वाचलाच नाही, आधी तारीख पाहिली आणि म्हणाले, "जूनच्या दहा तारखेपर्यंत का नाही आलात?"

महाराष्ट्राचा १९७१ चा एक कायदा आहे, लांबलचक नावाचा. लेबर कोर्टात सगळे त्याला 'पल्प' म्हणत. १९७५ पासून तो लागू झाला. कामगाराला सूडबुद्धीने किंवा खोटे आरोप ठेवून काढणं ही त्यात 'अनुचित कामगार प्रथा' ठरवली होती, आणि मुख्य म्हणजे कामगाराला कुणाच्याही परवानगीशिवाय थेट कोर्टात तक्रार करता येत होती. मुदत नव्वद दिवस. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येई, पण अण्णांचं कारण काय, तर साहेब घेतो म्हणाले होते. त्याचा कागद कुठे होता?

फाईल मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसले होते. त्या माणसाला फार मोठा सल्ला नको होता. 'नव्वद दिवसांच्या आत जा' एवढं एक वाक्य हवं होतं, ते वेळेवर सांगणारा माणूस हवा होता, आणि त्या माणसाची फी अण्णांच्या खिशातून जायला नको होती.

गंमत म्हणजे असा माणूस सरकारने मुंबईत एकदा नेमला होता! १९३४ साली. त्या वर्षी एप्रिल ते जून गिरणगावात मोठा संप झाला, पगारकपातीच्या विरोधात. संप मोडला आणि लगेच मुंबई सरकारने तंटे मिटवण्याचा एक कायदा केला. त्यात 'लेबर ऑफिसर' नावाचं पद होतं. पगार सरकारचा, काम गिरणी कामगारांच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्यांच्या वतीने मालकांपुढे मांडायच्या. पहिले लेबर ऑफिसर गिलिगन नावाचे आयसीएस अधिकारी होते. त्या काळी साचेवाल्याला कामावर ठेवायचं की काढायचं हे बऱ्याच अंशी जॉबरच्या हातात असे. त्याला दस्तुरी दिली नाही की माणूस बाहेर. अशा वेळी जॉबरच्या डोक्यावरून थेट साहेबाकडे जायची सोय झाली, ही लहान गोष्ट नव्हती.

पण सरकारला एकाएकी कामगारांचा कळवळा का आला? लाल बावट्याचं वजन गिरणगावात वाढत होतं, ते कमी करायचं होतं. कामगाराची तक्रार सरकारी साहेबच सोडवू लागला, तर तो युनियनकडे कशाला जाईल? म्हणूनच कम्युनिस्टांनी या पदावर सडकून टीका केली. मला दोन्ही खरं वाटतं. ज्याची नोकरी त्या साहेबाच्या पत्रामुळे परत मिळाली असेल, त्याला सरकारचा हेतू काय होता याच्याशी काय घेणं? आणि तरीही, ज्याचा पगार सरकार देतं तो सरकारला नकोशा असलेल्या कामगाराची बाजू कुठवर लावून धरणार, हा प्रश्न उरतोच. १९३८ च्या कायद्याने संपावर बंधनं आणली, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून ७ नोव्हेंबरला संप पुकारला. तो कायदा 'काळा कायदा' म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिला. १९४६ च्या कायद्यातही लेबर ऑफिसर टिकला. जिथे मान्यता मिळालेली युनियन नाही, तिथे कामगारांचा प्रतिनिधी म्हणून तो उभा राहू शकत असे.

हे झालं मुख्यतः गिरण्यांपुरतं. अण्णांच्या इंजिनिअरिंग कारखान्याला लागू होता तो १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, आणि त्यात एकट्या माणसाला जागाच नव्हती. एका कामगाराला काढलं, तर युनियनने किंवा बऱ्याच सहकाऱ्यांनी त्याची बाजू घेतल्याशिवाय तो 'विवाद' ठरत नसे. युनियन काढतो म्हणून ज्याला हाकललं, त्याने युनियन आणायची कुठून? हे सरकारच्या ध्यानात यायला १९६५ उजाडलं. त्या वर्षी कलम २-अ आलं आणि एकट्याची बडतर्फी हासुद्धा विवाद धरला जाऊ लागला.

याच कायद्यातलं वकिलांबद्दलचं कलम ३६ मला फार विचित्र वाटतं. समेटाच्या वेळी वकील अजिबात नको, आणि लेबर कोर्टात आणायचा तर समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी. हेतू चांगलाच होता. मालकाचे महागडे वकील आले की कामगार चिरडला जाईल. पण मालकांकडे कायदा शिकलेले पगारी अधिकारी असत, मालकांच्या संघटनांचे पदाधिकारी असत. ते वकील असले तरी अधिकारी म्हणून उभे राहू शकतात, असं सुप्रीम कोर्टाने १९७६ साली पारादीप पोर्टच्या खटल्यात म्हटलं. म्हणजे कुंपण घातलं ते एकाच बाजूला. सरकारने उद्या अण्णांना फुकट वकील दिला असता, तरी त्याला उभं राहायला कंपनीची संमती लागली असती!

फुकट वकिलाची कल्पना तरी कुठे नवी होती? १९४९ मध्येच मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना कायद्याची मदत आणि सल्ला कसा देता येईल, याचा विचार करायला समिती नेमली होती. पुढे सत्तरच्या दशकात हाच विषय त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हाती घेतला. बाप आणि मुलगा एकाच प्रश्नावर, मध्ये वीस-पंचवीस वर्षं. राज्यघटनेत ३९-अ कलम आलं, ते जानेवारी १९७७ पासून लागू झालं. पैशाअभावी कुणी न्यायाला मुकू नये, शासनाने मोफत मदत द्यावी. अण्णांना पत्र मिळालं तेव्हा हे कलम दोन वर्षांचं झालं होतं. वागळे इस्टेटच्या गेटपर्यंत मात्र ते पोचलं नव्हतं. त्यावरचा कायदा १९८७ चा आणि अंमल सुरू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या बाराव्या कलमात मोफत मदत कुणाला याची यादी आहे, तिच्यात सरळ लिहिलंय, औद्योगिक कामगार. त्याला उत्पन्नाची अटही नाही.

अण्णांचं सगळं तोवर आटोपलं होतं. पल्पची वाट बंद झाल्यावर ते २-अ च्या वाटेने गेले. समेट अधिकाऱ्याकडे तारखा, मग 'समेट झाला नाही' असा अहवाल, मग प्रकरण कोर्टाकडे पाठवायचं की नाही हे सरकारने ठरवायचं. त्यातच १९८१ आलं. निकाल १९८६ ला लागला, कामावर परत घ्या आणि चाळीस टक्के मागील पगार द्या. कंपनी हायकोर्टात गेली. तिथे खटला चालू असेपर्यंत कामगाराला शेवटचा पगार मिळावा असं १७-ब कलम तेव्हा नुकतंच लागू झालं होतं, पण त्यासाठी आपण कुठेही नोकरीला नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागे. अण्णा एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवत होते. वकील म्हणाले, तिथे हजेरीपटावर नाव आहे का तुमचं? नव्हतं. तरी अण्णांनी सही केली नाही. आई त्यावरून त्यांच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. १९८८ मध्ये एकरकमी पैसे घेऊन तडजोड झाली. त्यातून माझं लग्न झालं.

असो.

गेल्या महिन्यात आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचा मुलगा आला होता. भिवंडीकडच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात तीन वर्षं होता. ओव्हरटाइमचे पैसे मागितले म्हणून काढलं. पत्रबित्र काही नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप, उद्यापासून येऊ नकोस. म्हणाला, "ताई, सुपरवायझर म्हणतोय थोडं थांब, घेतील परत." २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कायदे जाऊन नवी संहिता लागू झाली आहे. बडतर्फीचा तंटा न्यायाधिकरणाकडे न्यायला पूर्वी तीन वर्षं असत, आता दोन. तसा भरपूर वेळ आहे, पण गेटवर उभं राहण्यात वेळ कसा जातो हे मला माहीत आहे.

मी त्याला मोबाईल मागितला आणि आधी निरोपाची तारीख पाहिली. नऊ दिवस झाले होते. निरोपाचा फोटो काढून ठेवला, त्याला तिन्ही वर्षांच्या पगाराचे बँकेचे कागद काढायला सांगितले, आणि सोमवारी आम्ही ठाण्याला कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात गेलो. बाकावर बसून अर्ज भरताना त्याने हळूच विचारलं, "ताई, उत्पन्नाचा दाखला नाहीये माझ्याकडे, चालेल?"

म्हटलं, "तू फक्त 'औद्योगिक कामगार' असं लिही."