हेड गॅस्केट : एका सांध्याचा इतिहास

आज मी भिलाईच्या कॅम्प-1 मधून बोलतोय. 2 फेब्रुवारी 1955 ला भारत आणि सोव्हिएत संघात इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई ज्या राज्यात होतं त्याची राजधानी नागपूर होती. कारखाना उभारणाऱ्या मजुरांच्या वस्त्यांना 'कॅम्प' म्हणू लागले. तेच नाव आजही टिकलंय. लोखंड आणि आग यांच्या या गावातून आज इंजिनातल्या एका पातळ पत्र्याची गोष्ट सांगतो : हेड गॅस्केटची.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींना हे गॅस्केट नव्हतंच. सिलिंडर आणि त्याचं हेड एकसंध ओतलेलं असे. गळायला सांधाच नाही. पण आतला कार्बन खरवडायचा तर पंचाईत. 1908 मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचं हेड बोल्ट काढून उचलता येई. दुरुस्ती सोपी झाली, पण सांधा आला. तो सांधा बंद ठेवतं ते गॅस्केट.

त्याला एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात : जळता वायू, पाणी आणि तेल. त्यात हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असला, तर तापल्यावर अॅल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगतं. दोघांची ही ओढाताण मधलं गॅस्केट सोसतं.

एवढी उष्णता सोसायला अनेक दशकं तांब्याच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस भरत. माल उत्तम, पण जुनं गॅस्केट खरवडताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते आणि कित्येक वर्षांनी कर्करोग करू शकते. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षं ठेवायला सांगितलं. पण रस्त्याकडेच्या मिस्त्रीचं नाव कुठल्या हजेरीपटावर? 1990 च्या दशकापासून पोलादाच्या अनेक थरांची गॅस्केटं रुळली आणि हा धोका कमी झाला. जुन्या गाडीचं हेड उघडलंत, तर मात्र कोरडं खरवडू नका, फुंकर मारू नका.

आता गॅस्केट उडाल्याची लक्षणं. कुठे गळती दिसत नाही, तरी कूलंट कमी होतं. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. थंडीतल्या सकाळी थोडी वाफ येते, ती वेगळी. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसतो. रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येतात. इंजिन अडखळतं, ताकद कमी होते. यातलं एखादंच लक्षण पुरावा नव्हे. दोन-तीन एकत्र दिसली की गाडी थांबवा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

शेवटचं आणि महत्त्वाचं. गॅस्केट सहसा आपणहून उडत नाही. पंखा बंद पडतो, थर्मोस्टॅट अडकतो, पाणी आटतं. इंजिन तापून हेड वाकतं आणि मग गॅस्केट जातं. म्हणून नुसतं नवं गॅस्केट घालून भागत नाही. हेड सपाट आहे का ते पट्टी लावून बघायला हवं, बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच आवळायला हवेत, आणि इंजिन का तापलं हे शोधायलाच हवं. नाहीतर दुसरं गॅस्केटही त्याच वाटेने जाईल.