प्रबंधाचं कुलूप

1997 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच सादर करण्याची सक्ती केली. अशी सक्ती करणारं ते पहिलंच विद्यापीठ. तोवर जाड पुठ्ठ्याच्या बांधणीतला प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जाई आणि क्वचितच कोणी तो बाहेर काढी. आता तो जगाला दिसणार म्हटल्यावर धास्ती वाटणं साहजिक होतं. कोणी उतारेच्या उतारे उचलले तर? पेटंट हातचं गेलं तर? विद्यापीठाने त्यावर पर्याय दिले: प्रबंध सर्वांना खुला, आवारापुरता खुला किंवा काही काळ पूर्ण बंद. कुलूप होतं ते विद्यापीठाच्या डिजिटल भांडाराच्या दाराला, त्यामुळे मुदत संपली की ग्रंथपालाला ते काढता येई.

पासवर्डचं कुलूप मात्र थेट फाईललाच बसतं. पीडीएफमध्ये ही सोय 1990च्या दशकातच आली. त्यात पासवर्ड दोन प्रकारचे. एक फाईल उघडण्याचा. दुसरा मालकाचा, छपाई आणि नक्कल रोखणारा. हा दुसरा फारच तकलादू, कारण उघडलेल्या फाईलमधला मजकूर संगणकाने वाचलेलाच असतो आणि बंधन पाळायचं की नाही, हे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हाती राहतं. उचलेगिरी करणारा त्यातून वाट काढतो. अडकला तो अंध वाचक. सुरुवातीच्या रचनेत नक्कल बंद केली, की मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही तो मिळेनासा होई. त्यासाठी वेगळी परवानगी 2001च्या अ‍ॅक्रोबॅट 5 पासून मिळाली.

पहिला पासवर्ड खरोखर भक्कम असू शकतो, आणि भांडाराला धोका आहे तो त्याचाच. संशोधक तो विसरला किंवा वारला, तर वर्षानुवर्षांची मेहनत असूनही नसल्यासारखी. म्हणूनच दीर्घकाळ जतनासाठी 2005 साली ठरलेल्या पीडीएफ/ए या आंतरराष्ट्रीय मानकात पासवर्डमागच्या कूटबद्धीकरणाला साफ मनाई आहे.

भारतात पीएच.डी.संबंधीच्या 2009च्या नियमांनी पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांत प्रबंधाची प्रत देणं विद्यापीठांना बंधनकारक केलं. विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन भांडारात असे मराठी प्रबंधही आहेत. 2016च्या नियमांनी तर पदवी जाहीर होण्याआधीच प्रत मागितली, आणि ती सर्व संस्थांना व महाविद्यालयांना वाचता यावी हा हेतूही नोंदवला. पेटंट किंवा मुलाखत देणाऱ्यांची गुप्तता ही खरी अडचण असेल, तर प्रबंध ठरावीक मुदतीपुरता बंद ठेवण्याची परवानगी मागावी. पासवर्ड लावून दिलेली प्रत नियमाची फक्त कागदोपत्री पूर्तता करते.