त्रियुगीनारायणच्या लग्नाला जाताना

उत्तराखंडच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १९८० मीटर उंचीवर त्रियुगीनारायण हे छोटे गाव आहे. शिव-पार्वतीचा विवाह येथे झाला, अशी श्रद्धा आहे. देऊळ मात्र शंकराचे नाही, नारायणाचे. त्या विवाहात विष्णूने वधूच्या भावाची जागा घेतली आणि ब्रह्मदेवाने पौरोहित्य केले, असे कथा सांगते. मराठी लग्नाच्या भाषेत बोलायचे तर कानपिळीचा मान ज्याचा, त्याचेच हे मंदिर! विवाहाचा तो होमाग्नी तीन युगे तेवत असल्याचे मानले जाते आणि त्या अखंड धुनीच्या साक्षीने लग्न लावण्यासाठी देशभरातून जोडपी येथे येतात. वधू-वरांच्या हौसेचे कौतुक जरूर करावे. पण मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या वऱ्हाडाने काही हिशेब आधीच मांडलेले बरे.

पहिला हिशेब वेळेचा. पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो, तेथवर पोहोचायला लागणारा काळ छापलेला नसतो. ऋषिकेश ते सोनप्रयाग हे अंतर साधारण २१० किलोमीटर. पुणे-कोल्हापूरपेक्षाही थोडे कमीच, असे म्हणून चार तासांचा अंदाज बांधणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, अगस्त्यमुनी, गुप्तकाशी असा हा रस्ता नदीच्या काठाकाठाने वळणे घेत चढतो. रस्ता मोकळा असला तरी सात-आठ तास लागतात. दरड कोसळली, तर किती लागतील हे कोणीच सांगू शकत नाही. सोनप्रयागहून पुढे त्रियुगीनारायणपर्यंत आणखी १२ किलोमीटरचा अरुंद घाट आहे.

म्हणून प्रवासाची आखणी मुहूर्तापासून उलटी करावी. लग्नाच्या आदल्या रात्री मुक्काम गुप्तकाशी, सीतापूर किंवा सोनप्रयाग येथे हवा; त्याच्या आदल्या रात्री हरिद्वार किंवा ऋषिकेशला. शिवाय एक दिवस राखीव. सकाळच्या विमानाने डेहराडूनच्या जॉली ग्रँट विमानतळावर उतरून संध्याकाळच्या हळदीला हजर राहण्याचा बेत हा निव्वळ जुगार होय. ऋषिकेशहून पहाटेच निघावे, कारण अंधार पडल्यावर या रस्त्याने प्रवास करू नये आणि यात्रेच्या काळात रात्री वाहने अडवलीही जातात. उशीर झालाच तर हेलिकॉप्टर आहेच, या भ्रमातही कोणी राहू नये. गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी येथील उड्डाणे केदारनाथच्या यात्रेकरूंसाठी असतात आणि ती हवामानाच्या मर्जीवर चालतात. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळून सात जणांचा मृत्यू झाला होता.

गाडी स्थानिक चालकाची असावी. दिल्लीहून रात्रभर गाडी हाकत आलेल्या चालकाला तसेच घाटात घालणे हा या प्रवासातला सर्वांत मोठा धोका. आणि तो टाळणे पूर्णपणे आपल्या हातात असते. यजमानांच्या खोल्यांच्या यादीत चालकाचे नाव बहुधा शेवटी येते किंवा येतच नाही. त्याला गाडीतच झोपावे लागणार नाही, हे वऱ्हाडातील एखाद्या जबाबदार माणसाने पाहावे.

दुसरा हिशेब ऋतूचा. केदारनाथचे दरवाजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात आणि भाऊबीजेला बंद होतात. त्रियुगीनारायणचे वऱ्हाड आणि केदारनाथचे यात्रेकरू यांचा रस्ता सोनप्रयागपर्यंत एकच आहे. त्यामुळे मे महिन्यातील मुहूर्त म्हणजे शाळेच्या सुट्ट्या, लग्नसराई आणि यात्रा अशी तिहेरी गर्दी. जूनचा उत्तरार्ध त्याहून बिकट. २०१३ च्या जूनमध्ये १६ आणि १७ तारखेला केदारनाथच्या खोऱ्यात जो हाहाकार झाला, तो विसरता येण्यासारखा नाही. चातुर्मासात मुहूर्त नसतात, हा या दृष्टीने मोठाच उपकार म्हणायचा. पण आषाढी एकादशीपूर्वीचे अखेरचे मुहूर्त पावसात सापडतात. यजमानांनी विचारलेच, तर तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस सुचवावेत. केदारनाथ बंद झालेले असते, रस्ता मोकळा, आकाश स्वच्छ. थंडी मात्र कडाक्याची. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ पडू शकतो आणि तो छायाचित्रात दिसतो तितका वऱ्हाडाला मानवतोच असे नाही.

उंचीची धास्ती अनेकांना वाटते, ती बरीचशी अनाठायी आहे. हे गाव महाबळेश्वरहून सुमारे सहाशे मीटर उंच आहे आणि विरळ हवेचा त्रास साधारणतः २५०० मीटरच्या वर सुरू होतो. खरा त्रास होतो तो वळणांचा. गाडी लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी प्रवासाआधीच घ्यावी, पुढच्या बाजूला बसावे आणि सकाळी तळलेले खाऊ नये. रक्तदाब, मधुमेह, दमा यांची औषधे चार दिवस जास्तीची घ्यावीत व ती गाडीच्या टपावरील सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत.

या ठिकाणी एक अवघड गोष्ट बोलणे भाग आहे. नातवाचे लग्न म्हटल्यावर आजी-आजोबांना यायचे असते, आणि नको कसे म्हणावे, हे घरात कोणालाच कळत नाही. देवळापर्यंतचा प्रवास गाडीचा आहे, त्यामुळे वय हीच अडचण ठरत नाही. पण अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा सलग आठ तास बसणे अशक्य असेल, तर मोठे रुग्णालय किती दूर राहते याचा विचार भावनेपेक्षा आधी करावा. अशांसाठी हरिद्वारला वेगळा छोटा समारंभ ठेवणारे यजमान अधिक शहाणे. निर्णय डॉक्टरांनी सांगितलेला असला म्हणजे आजीचा रुसवाही जरा सौम्य होतो.

पैठणी आणि शेरवानी अवश्य न्यावी. मात्र तिच्या आत गरम कपड्यांचा एक थर हवा. देवळाच्या आवारात पादत्राणे काढावी लागतात आणि तेथील दगडी फरशी पहाटे बर्फासारखी गार असते. लोकरीचे मोजे जवळ ठेवावेत. उंच टाचा घरीच राहू द्याव्यात. गावात खोल्या मोजक्या, वीज आणि मोबाइलचे जाळे बेभरवशाचे. रोख रक्कम हरिद्वार-ऋषिकेशलाच काढावी. जड भांड्यांचा आहेर नेऊ नये, कारण तो परत आणण्याचे काम नवदांपत्याच्याच गळ्यात पडते. मद्य आणि मांसाहाराचा विषयही येथे काढू नये. पाण्याच्या बाटल्यांचे रिकामे प्लास्टिक आपल्याच पिशवीतून खाली आणावे.

एवढे आलोच आहोत, तर केदारनाथही करून घेऊ, असा आग्रह वऱ्हाडात कोणीतरी धरतोच. ते स्थान ३५८३ मीटरवर आहे आणि गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरची चढण आहे. त्यासाठी यात्रेची नोंदणी बंधनकारक असते. मांडवपरतणीच्या थकव्यात हे साधत नाही. वेगळे दोन-तीन दिवस हाती असतील, तरच विचार करावा.

लग्न लागल्यावर धुनीत लाकूड अर्पण करून तिची रक्षा सोबत आणण्याची प्रथा आहे. ती एका छोट्या डबीत घ्यावी. पंगत आटोपताच त्याच दुपारी ऋषिकेश गाठण्याची घाई न करता सोनप्रयाग-गुप्तकाशीला रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच उतरावे. परतीचे तिकीटही त्याच बेताने, शक्य तर एक दिवस पुढचे काढावे.