सुरतेच्या कोर्टातली विजयालक्ष्मी

मागच्या चातुर्मासात आमच्या पांडेसऱ्याच्या गल्लीत दोन घरफोड्या झाल्या. दुपारी सामायिक आटोपलं, मुहपत्त्यांच्या घड्या झाल्या आणि विषय निघालाच. एक भाभी म्हणाली, "मिलवाल्यांच्या चाळीत घरोघरी चार-चार पोरं. नको असताना झालेलीच पुढे चोर होतात. माझा मुलगा सांगतो, अमेरिकेत सिद्ध झालंय."

सिद्ध वगैरे काही नाही. 2001 साली जॉन डोनोह्यू आणि स्टीव्हन लेव्हिट या दोन प्राध्यापकांनी तसं मांडलं खरं. 1973 साली तिथे गर्भपाताची मोकळीक मिळाली, नकोशी मुलं कमी जन्मली, म्हणून 1990 नंतर गुन्हे घटले, असा त्यांचा हिशेब. पुढे 2005 मध्ये दुसऱ्या दोघांनी त्या हिशेबातली चूक काढली. यांनी चूक कबूल केली, मुद्दा सोडला नाही. कुणी म्हणतं, पेट्रोलमधलं शिसं गेलं म्हणून गुन्हे घटले. असो, त्यांचं चालू द्या.

हे नातं आपल्या सुरतेला विचारायला हवं. 1881 साली इथल्या सेशन कोर्टात विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा उभी होती. नवरा गेल्यावर दिवस राहिले, मूल झालं, आणि अब्रूच्या भीतीने तिने ते मारलं. शिक्षा झाली फाशी. अपिलात फाशी टळून काळं पाणी झालं. गर्भ पाडणं 1860 च्या दंडसंहितेने गुन्हा. पुनर्विवाहाचा कायदा 1856 लाच झालेला, पण घरचे करू देतील तर ना! मग बाईने जायचं कुठे? वर्तमानपत्रं विधवांच्या चालीरीतीवर तोंडसुख घेत होती, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे भडकल्या. 1882 मध्ये त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं. असले सगळे दोष बायकांच्याच अंगी आणि पुरुषांच्या नाहीत का, हा त्यांचा सवाल. पुढे ते पुस्तक असं विसरलं गेलं, की 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं.

त्याआधीच, 1863 साली, जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, वाटलं तर मूल ठेवून जावं. तिथेच जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतलं. भाभीच्या हिशेबाने तो चोर व्हायला हवा होता. तो झाला डॉक्टर, आणि 1897 च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा केली.

मी जैन. गर्भपात मला हिंसाच वाटते, आजही. पण चोरून गर्भ पाडताना बायका मरत होत्या, म्हणून 1964 मध्ये शांतिलाल शहांची समिती नेमली गेली आणि 1971 चा कायदा आला. तो बाई जगावी म्हणून केला. चाळीतले चोर कमी व्हावेत म्हणून नव्हे. गरिबाच्या पोटातल्या पोराला जन्माआधीच चोर ठरवायचं, ही कुठली अहिंसा?

भाभीला हे सगळं सांगितलं. तिने माळ पिशवीत ठेवली.

"ती बाई इथलीच, सुरतची?"

"कोर्ट तरी इथलंच," मी म्हटलं.