पुढच्या चाकांचा जोर : जालना जिल्ह्यातील जीप, काळी माती आणि दुरुस्तीचे शहाणपण

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याचे काही तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूरचा भाग एकत्र करून अस्तित्वात आला. तथापि या प्रदेशातील वाहतुकीचा मूळ प्रश्न प्रशासकीय सीमांशी नव्हे, तर मातीशी जोडलेला आहे. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांचे उतार, दक्षिणेला अंबड-घनसावंगीची गोदाकाठची खोल काळी जमीन आणि मधून वाहणाऱ्या पूर्णा, दुधना, कुंडलिका या नद्या, असा हा मुलूख आहे. पाऊस वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर, म्हणजे फार नाही, पण तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबर या काळातच पडतो. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या काळ्या मातीत पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असल्याने पावसाळ्यात तीच माती चाकाला थरावर थर चिकटत जाते, आणि वापसा होईपर्यंत, म्हणजे जमिनीतला जादा ओलावा ओसरून ती कामाजोगी होईपर्यंत, नांगर आणि गाडी दोन्ही थांबून राहतात.

या अडचणीचे लष्करी महत्त्व फार पूर्वीच ओळखले गेले होते. 23 सप्टेंबर 1803 रोजी, ऐन पावसाळ्याच्या अखेरीस, आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर भागातील असई येथे केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्या वेळी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने समोरासमोरच्या काठांवर दोन गावे वसलेली पाहून तेथे उतार, म्हणजे नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा, असलाच पाहिजे असा तर्क केला आणि सैन्य व तोफा तेथून पार नेल्या. नदीला उतार कोठे आहे हे ज्याला ठाऊक, त्याचीच गाडी पुढे जाते, हा नियम त्यानंतर दीडशे वर्षे बदलला नाही. 1900 च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे जालन्यातून गेल्यावर कापसाचा व्यापार वाढला आणि 1932 पासून निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने मोटारबसही सुरू केल्या. परंतु रेल्वे रुळांपुरती आणि बस पक्क्या सडकेपुरती असल्याने सडकेपासून चार कोस आत असलेल्या गावाला पावसाळ्यात बैलगाडीशिवाय दुसरा आधार नव्हता, आणि बैलगाडीही अनेकदा रुतत असे.

चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारे हलके वाहन या प्रदेशात आले ते सरकारी मालमत्ता म्हणून, आणि या एका गोष्टीने त्याच्या पुढच्या इतिहासाला वळण दिले. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत घडवलेली जीप युद्धानंतर लष्करी जादा मालाच्या विक्रीतून हिंदुस्थानच्या बाजारात उतरली. 1945 मध्ये स्थापन झालेल्या आणि 1948 पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने स्वातंत्र्यानंतर लवकरच विलीस कंपनीच्या जीपची जुळवणी सुरू केली, आणि पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून उंच बॉनेटची सी.जे.-3-बी ही जीप परवान्याने भारतातच तयार होऊ लागली. 1952 मधील सामूहिक विकास कार्यक्रम, 1953 मधील राष्ट्रीय विस्तार सेवा आणि त्याच वर्षी सुरू झालेली हिवताप नियंत्रण मोहीम यांमुळे गटविकास आणि आरोग्य खात्यांकडे जीपगाड्या आल्या. 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्यावर तर सभापतींची जीप हे ग्रामीण सत्तेचे दृश्य रूपच झाले. शेतकऱ्याला मात्र ही गाडी परवडणारी नव्हती. ज्याच्या शेतात चिखल होता त्याच्याकडे जीप नव्हती, आणि ज्याच्याकडे जीप होती त्याला वर्षातील आठ महिने चिखलाशी कर्तव्य नव्हते.

या विसंगतीचा यंत्रावर काय परिणाम झाला हे समजण्यासाठी जीपची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक ठरते. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून निघून ट्रान्सफर केस या दुसऱ्या पेटीत येते, आणि तेथून एक प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद वाहून नेणारा लांब फिरता दांडा, मागच्या हौसिंगकडे, म्हणजे आसाच्या पोकळ घराकडे, व दुसरा पुढच्या हौसिंगकडे जातो. हौसिंगमध्ये क्राऊन आणि पिनियन या दंतचक्रांची जोडी ती ताकद आडवी वळवून चाकांकडे पाठवते. चालकाजवळ मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी दोन आखूड दांडे असत. एकाने पुढची चाके जोडली जात, दुसऱ्याने ‘लो’ म्हणजे वेग सुमारे अडीच पट घटवून जोर तितकाच वाढवणारा गिअर पडत असे. आणि पुढची चाके जोडल्याखेरीज ‘लो’ पडणार नाही, अशी कुलुपासारखी व्यवस्था पेटीतच केलेली होती. या जोरापुढे मागचा एकटा दांडा टिकणार नाही, हे त्यामागचे कारण होते.

या रचनेत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या दरम्यान वेगातील फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठे वर्तुळ कापतात, म्हणजे त्यांना अधिक फिरावे लागते, पण पेटीने दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरते आणि हा ताण आपोआप सुटतो. डांबरी सडकेवर चाक घसरत नाही, त्यामुळे ताण शाफ्टमध्ये पिळासारखा साठत जातो, स्टिअरिंग जड होते आणि दांडा इतका घट्ट बसतो की दोन्ही हातांनी ओढूनही तो निघत नाही. जुन्या मिस्त्रींकडे आलेल्या तक्रारींत ‘फोर व्हील अडकली’ ही तक्रार नेहमीची असे, आणि पुष्कळदा तिच्यावर इलाज म्हणून पेटी खोलण्याची गरज नसे. गाडी काही फूट मागे घेतली किंवा एक चाक जॅकवर उचलले की पीळ सुटतो आणि दांडा बोटाने हलतो. हे ठाऊक नसलेल्या चालकाने हातोडी मारून दांड्याचा काटा, म्हणजे पेटीतला गिअर सरकवणारा भाग, वाकवलेला असेल, तर मात्र काम वाढत असे.

सरकारी गाड्यांत या बिघाडाचे एक खास कारण टायरमध्ये दडलेले असे. सगळे टायर एकाच वेळी बदलण्याची मंजुरी क्वचितच मिळत असल्याने मागे नवे किंवा रिमोल्ड केलेले आणि पुढे गुळगुळीत झालेले टायर, अशी जोडी अनेक जीपगाड्यांवर दिसे. झिजलेल्या टायरचा घेर लहान असतो, म्हणून तेच अंतर कापायला त्याला अधिक वेळा फिरावे लागते. परिणामी सरळ रस्त्यावरही पुढच्या-मागच्या शाफ्टची ओढाताण चालू राहते. त्यामुळे अनुभवी कारागीर पाना हातात घेण्याआधी चारही टायर पाहत असे, आणि यंत्रविद्येच्या दृष्टीने हा क्रम अगदी शास्त्रशुद्ध होता, जरी तो कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आलेला नव्हता.

दुसरी तक्रार याच्या उलट असे : दांडा पडतो, पण पुढची चाके ओढत नाहीत. येथे शोध मागून पुढे, म्हणजे पेटीपासून चाकापर्यंत, एकेक टप्पा वगळत घेतला जातो. पुढचे एक चाक उचलून दांडा टाकायचा, इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवायचे आणि खाली वाकून शाफ्टकडे पाहायचे. गाडी गिअरमध्ये असूनही शाफ्ट मोकळी फिरत असेल, तर दोष पेटीत किंवा दांड्याच्या जोडणीत. शाफ्ट घट्ट राहून चाक मात्र सुटे फिरत असेल आणि जमिनीवरचे दुसरे चाक पक्के टेकलेले असेल, तर दोष हौसिंगमध्ये, चाकापर्यंत जाणाऱ्या आतल्या दांड्यात किंवा चाकाच्या मध्यावरील हबमध्ये. मूळच्या जीपला पुढचे चाक शाफ्टपासून सोडवणारे हब नव्हते, त्यामुळे फोर व्हील न लावताही पुढची सगळी यंत्रणा चाकांबरोबर फिरत राही आणि तिच्यातील तेल खेळते असे. हाताने फिरवून जोडायचे-सोडायचे हब आल्यावर डिझेल-पेट्रोलची थोडी बचत झाली, परंतु ते हब सुटेच ठेवून गाडी महिनोन्महिने चालवली की पुढच्या हौसिंगमधील सील कोरडे पडत, ग्रीस आळून दगडासारखे होत असे आणि हबच्या आतली सरकती कडी गंजून जागीच बसे. पहिल्या मोठ्या पावसात चालक उतरून हब फिरवी, खूण ‘लॉक’वर येई, पण आतली कडी हललेलीच नसे. अशा वेळी हब खोलून, रॉकेलमध्ये धुऊन, नवे ग्रीस भरले की काम होई. सुटा भाग बदलावा लागत नसे.

जालन्यासारख्या अवर्षणप्रवण भागात फोर व्हीलचे आयुष्य वापराने जितके संपले त्यापेक्षा न वापरल्याने अधिक संपले, असे या दोषांच्या स्वरूपावरून म्हणता येते. कोकणातील किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील जीप चिखलात राबून झिजत असे. येथील जीप आठ-दहा महिने धुळीत उभी राहून किंवा सडकेवर धावून ऐन वेळी दगा देत असे. पेटीतील दांडा धावत्या गाडीत आपोआप सुटणे, हा दोष मात्र खऱ्या झिजेचा होता : दांड्याला जागेवर धरणारी गोळी आणि स्प्रिंग थकली, काटा झिजला किंवा इंजिनाचे रबरी माउंटिंग बसून सगळी पेटीच हलू लागली, की ‘लो’ गिअर चढावर सटके, आणि तो सटकण्याचा क्षण नेमका भरलेल्या गाडीच्या नाल्यातून वर येण्याचा असे. विलीस पद्धतीच्या पेटीत आणखी एक खोड होती. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना लागून असल्याने मधली सील गेली की एका पेटीतील तेल दुसरीत उतरे. एकीत तेल कमी आणि दुसरीत जास्त आढळले, तर गळती बाहेर शोधण्यात अर्थ नाही हे कारागीर ओळखत असे.

जीप सामान्य माणसाच्या हाती आली ती निर्लेखन आणि लिलावाच्या मार्गाने, म्हणजे खात्याने वापरातून बाद ठरवलेली गाडी जाहीर बोलीने विकली जाऊ लागल्यावर. तोपर्यंत तिचे पेट्रोल इंजिन थकलेले असे आणि 1973 नंतर तेलाच्या किमती भडकल्याने ते चालवणेही परवडत नसे. कंपनीने स्वतःच सत्तरच्या दशकात ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन जीपमध्ये बसवायला सुरुवात केली, आणि गॅरेजवाल्यांनी तोच उद्योग जुन्या गाड्यांवर केला. परंतु डिझेल इंजिनाचा धक्का आणि कंप पेट्रोल इंजिनापेक्षा जबर असल्याने, मूळ मापाच्या पेटीवर आणि शाफ्टच्या टोकाला असलेल्या क्रॉसवर, म्हणजे कोन बदलला तरी ताकद पुढे पोहोचवणाऱ्या चार टोकांच्या सांध्यावर, नवा भार आला. इंजिन बदलताना शाफ्टचा कोन थोडा जरी चुकला, तरी क्रॉस वर्षभरही टिकत नसे. ही चूक करणारा फिटर आणि ती निस्तरणारा फिटर सहसा वेगवेगळे असत.

याच डिझेल जीपमधून काळी-पिवळीची, म्हणजे काळ्या-पिवळ्या रंगाच्या भाड्याच्या जीपची, प्रवासी वाहतूक उभी राहिली. एस.टी.च्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत, नाक्या-चौफुल्यांवरून माणसे कोंबून नेणाऱ्या या गाड्यांना सडक सोडायची नव्हती, म्हणून पुढची शाफ्ट उतरवून ठेवणे हाच त्यांच्या दृष्टीने फोर व्हीलच्या सर्व तक्रारींवरचा कायमचा उपाय ठरला. वजन कमी, आवाज कमी, खर्च कमी. कंपनीही पुढे केवळ मागच्या चाकांवर चालणारी मॉडेल मोठ्या संख्येने विकू लागली, आणि ऑगस्ट 2000 मध्ये आलेल्या बोलेरोची ग्रामीण महाराष्ट्रातील ओळख तर प्रामुख्याने टू व्हील गाडी अशीच झाली.

रस्त्यांच्या इतिहासानेही याच दिशेला जोर दिला. 1972 च्या दुष्काळात हजारो हातांनी फोडलेल्या खडीतून आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून मराठवाड्यात गावोगावचे जोडरस्ते झाले. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने त्यांतील अनेकांवर डांबर चढवले. चिखल नाहीसा झाला नाही, तो फक्त गावाच्या वेशीवरून शिवारात सरकला.

शिवारातली गरज आज सर्वांत स्पष्ट दिसते ती मोसंबीच्या बागांत. भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीचा आंबिया बहार पावसाळ्याच्या उत्तरार्धात तोडणीला येतो, म्हणजे अंबड, घनसावंगी, बदनापूरच्या काळ्या रानात जेव्हा वापसा नसतो नेमक्या तेव्हाच मालाने भरलेला पिकअप बागेतून सडकेवर काढावा लागतो. येथे जुना फोर बाय फोर पिकअप उपयोगी पडू शकला असता. प्रत्यक्षात हे काम ट्रॅक्टरने घेतले. रुतलेल्या टू व्हील पिकअपला साखळी लावून ट्रॅक्टरने ओढणे हे दहा मिनिटांचे काम आहे, आणि ट्रॅक्टर तर घरी असतोच. त्यासाठी वर्षभर पुढचे हौसिंग, हब आणि पेटी सांभाळण्याचा खर्च कोणी का करावा, या प्रश्नाला शेतकऱ्याचे उत्तर व्यवहाराचे होते.

उरलेल्या फोर बाय फोर गाड्यांची दुरुस्तीही बदलली आहे. दांड्याच्या जागी बटण, काटा सरकवायला छोटी विद्युत मोटर आणि तिला हुकूम देणारे नियंत्रक आल्यावर दोष शोधण्याची सुरुवात जॅकऐवजी तारांच्या जोडांपासून होते, आणि ओलाव्याने हिरवट पडलेला एक जोड संपूर्ण यंत्रणा बंद पाडू शकतो. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाल्याने लिलावातून गावात येणाऱ्या जीपचा जुना झरा आटला आहे. जुन्या लोखंडाला मात्र जालन्यात गिऱ्हाईक दूर शोधावे लागत नाही, कारण येथील पोलाद उद्योगाच्या भट्ट्या मोठ्या प्रमाणावर भंगारावरच चालतात. दरम्यान 2021 मध्ये राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना जाहीर केली. तिच्यातून जी पाणंद खडीने पक्की होते, तेथे मोसंबीचा पिकअप ट्रॅक्टरवाचून बाहेर पडतो. जी होत नाही, तेथे चालक अजूनही गाडी बांधावरच उभी करतो आणि कॅरेट डोक्यावरून आणले जातात.