स्वादुपिंडाची साक्ष

गेल्या वर्षी ऐन दिवाळीत दहिसरच्या आमच्या चाळीत एका शेजाऱ्यांच्या पोटात रात्री विलक्षण कळ उठली. ती थेट पाठीपर्यंत जाई आणि पुढे वाकून बसल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे. फराळ बाधला, पित्त खवळले, असा निकाल सर्वांनीच देऊन टाकला. ओवा झाला, सोडा झाला, गोळ्या झाल्या. पाचव्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले, तेव्हा रक्तातील ॲमिलेज अगदी मर्यादेत निघाले. लायपेज मात्र मर्यादेच्या चौपट! एकाच स्वादुपिंडाचे हे दोन साक्षीदार. मग त्यांची जबानी अशी परस्परविरुद्ध का? याचे उत्तर या तपासणीच्या इतिहासात आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेले. त्याच्या रसात पिष्ट पचविणारे ॲमिलेज आणि स्निग्ध पदार्थ पचविणारे लायपेज असते. पायाँ व पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ साली मोड आलेल्या सातूतून पिष्ट विरघळविणारे 'डायास्टेज' वेगळे केले. पुढे क्लोद बेर्नार याने स्वादुपिंडाचा रस चरबी पचवितो हे दाखविले. परंतु हाच रस खवळून स्वतःच्या पिंडालाच जाळू लागला, तर ते वैद्याला कळावे कसे? बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८९ साली या दाहाचे सविस्तर वर्णन केले आणि आरंभीच्या अवस्थेतील शस्त्रक्रिया फार धोक्याची आहे, असे बजावले. अडचण अशी, की जठराला भोक पडले तरी कळ साधारण अशीच उठते, आणि तेथे शस्त्रक्रिया लांबविणे प्राणावर बेतते. तेव्हा पोट उघडावे की नाही, हा प्रश्न जीवनमरणाचा होता.

भाताच्या पेजेत आयोडीनचा थेंब टाकला की ती निळी होते. ॲमिलेजने पिष्ट पचविले, की तो निळा रंग उमटत नाही. एवढ्याशा गोष्टीवर बर्लिनच्या वोल्गेमुट यांनी १९०८ साली मापनाची रीत बसविली. १९२९ साली सेंट लुइस येथे रॉबर्ट एल्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त तपासून स्वादुपिंडाच्या निदानात ॲमिलेजचे मोल दाखवून दिले. त्याच शहरातील मायकेल सोमोजी यांनी १९३८ साली रीत सुधारली. त्यांच्या नावाची एककेच पुढे अहवालांत रूढ झाली. लायपेजसाठी चेरी व क्रँडॉल यांनी १९३२ साली ऑलिव्हचे तेल वापरले; पण निकालाला चोवीस तास लागत. तातडीच्या रोगाला इतकी उसंत कोठली? म्हणून लायपेज कित्येक वर्षे मागेच राहिले.

आता आमच्या शेजाऱ्यांचे कोडे सुटते. ॲमिलेज काही तासांत चढते आणि बहुधा तीन ते पाच दिवसांत उतरते. लायपेज आठ ते चौदा दिवस रेंगाळते. पहिला साक्षीदार लवकर निघून गेला होता, एवढेच. शिवाय तो सर्वस्वी स्वादुपिंडाचाही नव्हे. गालगुंडातही ॲमिलेज वाढते, कारण लाळेतही ते असते. आकडा मोठा म्हणजे रोग मोठा, असेही नाही. म्हणून वैद्यकाने २०१२ साली सुधारलेल्या अटलांटा निकषांत नियम घातला, की विशिष्ट कळ, तिपटीहून वाढलेले विकर आणि चित्रण या तिहींपैकी दोन गोष्टी जुळाव्यात.

जुनाट रोगात तर हा साक्षीदार मुकाच होतो. केरळातील तरुण रुग्णांच्या स्वादुपिंडातील खडे व मधुमेह यांवर डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी लिहिलेला ग्रंथ १९६८ साली मुंबईच्याच पॉप्युलर प्रकाशनाने काढला. अशा रोगात ग्रंथी झिजून गेलेली असते. रक्तात सांडावयाला विकर उरतेच कोठे? तेथे अहवाल निर्दोष दिसला, म्हणून स्वादुपिंड निरोगी ठरत नाही.

दहिसर १९५७ साली बृहन्मुंबईत आले. आज येथल्या गल्लीतही सकाळी दिलेल्या रक्ताचा आकडा संध्याकाळी हाती येतो. शेजाऱ्यांच्या सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसले. यथावकाश शस्त्रक्रिया झाली आणि ते बरे आहेत. पण डॉक्टरांचा पहिला प्रश्न त्यांना अजून आठवतो : "कळ नेमकी केव्हा उठली?" वाचकहो, तो दिवस आणि ती वेळ ध्यानात ठेवावी. तिच्यावाचून अहवालातला आकडा अर्धेच बोलतो.