बापूजी अणे यांचे पद आणि पदत्याग

सार्वजनिक पदावर नेमणूक कोणी करावी, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. ती कोणत्या अटींवर स्वीकारावी आणि कोणत्या क्षणी खुर्ची सोडावी, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे १८८० साली जन्मलेल्या माधव श्रीहरी अणे यांच्यापुढे तो पुनःपुन्हा उभा राहिला.

अणे हे टिळकांचे अनुयायी आणि यवतमाळचे वकील. १९२५ साली वऱ्हाडातील स्वराज्य पक्षाचे नेते श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्यप्रांत सरकारच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली. सरकारी पद घ्यायचे नाही, हा पक्षाचा दंडक. त्या नेमणुकीने पक्ष दुभंगला. केळकर, जयकर, मुंजे यांच्याबरोबर अणेही प्रतियोगी सहकाराच्या बाजूचे झाले. पद घेणे हे पाप नव्हे, लोकहित साधत असेल तर घ्यावे, अशी त्या बाजूची धारणा होती. तिला संधिसाधूपणा म्हणणे सोपे आहे. परंतु याच अण्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला व तुरुंगवास पत्करला. खुर्चीचा लोभ असणारा वकील हा मार्ग धरीत नाही.

कसोटी आली ती पुढे. १९४१ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आपल्या कार्यकारी मंडळाचा विस्तार केला आणि अणे त्यात गेले. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे आले. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे काँग्रेसचे नेते पकडले गेले, तेव्हा अणे त्याच मंडळात होते. आठवड्याभरात चांदा जिल्ह्यातील चिमूर पेटले. १६ ऑगस्टला जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले; पाठोपाठ आलेल्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी झाल्या. चिमूर यवतमाळपासून फार दूर नाही. चौकशीची मागणी घेऊन सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी नोव्हेंबरात दिल्लीला गेले आणि उपोषणासाठी त्यांनी अण्यांचेच दार निवडले. आपल्या प्रांताचा माणूस सरकारात आहे, तर जाब त्यालाच विचारायचा, हा त्यामागील सरळ न्याय. भन्साळींना अटक करून परत पाठविण्यात आले. त्यांचे उपोषण ६३ दिवस चालून १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. अणे पदावरच होते. त्यांच्या चरित्रातील हे पान मला सर्वांत अवघड वाटते.

महिन्याभरात, १० फेब्रुवारीला, आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण आरंभिले. त्यांना मुक्त करण्यास सरकार तयार होईना. आठव्या दिवशी, १७ फेब्रुवारीला, होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि अणे या तिघांनी राजीनामे दिले. मूलभूत प्रश्नावर मतभेद असताना मंडळात राहता येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. राजीनाम्याने सरकारचा निर्णय बदलला नाही; गांधीजी उपोषणातून वाचले ते आपल्या बळावर.

मग चिमूरच्या वेळी मौन आणि गांधीजींच्या वेळी पदत्याग, हे कसे? आतून काही करता येईल, ही आशा जोवर होती तोवर ते थांबले असावेत, असा माझा तर्क आहे. पण ज्या स्त्रियांची दाद घेतली गेली नाही, त्यांना हा खुलासा पुरणार नाही. शिवाय त्याच वर्षी, १९४३ मध्येच, त्यांनी सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून नेमणूक घेतली. ज्या सरकारातून बाहेर पडले, त्याच सरकारची. टीकाकारांनी यावर बोट ठेवावे हे स्वाभाविकच. मात्र तेथे प्रश्न होता मळ्यांत राबणाऱ्या हिंदी मजुरांच्या हक्कांचा, आणि धोरणाशी असहमत असलेल्या मंत्र्याची जागा व मजुरांची बाजू मांडणाऱ्या प्रतिनिधीची जागा या दोन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल होते. राजभवनातून बाहेर पडल्यावर एखादा स्वस्थ बसला असता. अणे मात्र वेगळ्या विदर्भाच्या मागणीसाठी उभे राहिले आणि १९६२ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, नागपूरच्या मतदारांसमोर अपक्ष म्हणून जाऊन लोकसभेवर निवडून आले.